उत्तरकाळातील बालगंधर्व आणि दुभंगलेले रसिक

२०१२ सालच्या डिसेंबरातील गोष्ट आहे. आमच्या या बंगळूर शहरात ‘गन्स एन् रोझेस’ नावाच्या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम व्हायचा होता. माझा भाचा तेव्हा येथेच महाविद्यालयात शिकत होता आणि आमच्याच घरी राहत होता. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी त्याचा एक मित्र आला आणि आमच्या दिवाणखान्यात त्या दोघांचा असा काही वाद पेटला की, सौभाग्यवतींनी दोनदा येऊन ‘शेजारी काय म्हणतील?’ असे विचारले.

वादाचे मूळ मला हळूहळू उमगले. या मंडळींनी सुमारे पंधरा वर्षांच्या मौनानंतर २००८ साली एक नवी ध्वनिमुद्रिका, ज्याला ही मुले ‘आल्बम’ म्हणतात, काढली होती. परंतु तोवर मूळच्या संचातील गिटारवादक आणि इतर बहुतेक सोबती निघून गेले होते. मूळ संचातला एकटा मुख्य गायक ॲक्सल रोझ काय तो उरला होता. भाच्याचे म्हणणे असे की, आवाज त्याचा आहे, जिद्द त्याची आहे, तेव्हा मंडळी तीच. मित्राचे म्हणणे असे की, नाव तेच ठेवून दुसराच माल विकणे ही रसिकांची फसवणूक आहे. त्यापेक्षा गप्प राहिले असते तर जुनी पुण्याई तरी शाबूत राहिली असती. ज्या कलावंताला ही मुले लहानपणापासून देव मानीत आली, त्याच्याविषयी बोलताना दोघांचेही डोळे भरून आले होते, हे मला विशेष वाटले.

मला त्या संगीतातले ओ की ठो कळत नाही. परंतु तो वाद मात्र मला चांगला ओळखीचा वाटला. असाच वाद, अगदी याच मुद्द्यांवर, मी लहानपणी मिरजेच्या आमच्या वाड्याच्या सोप्यावर अनेकदा ऐकला होता. वाद घालणारे होते माझे आजोबा आणि त्यांचे सख्खे धाकटे बंधू. वादाचा विषय होते बालगंधर्व. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय मनात आला. नारायणरावांच्या वैभवाच्या काळाविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या पुनरागमनाविषयी आपण मराठी माणसे जरा खालच्या आवाजातच बोलतो.

वैभवाची कथा वाचकांस ठाऊकच आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले अशी आख्यायिका आहे. कानाच्या दुखण्यावरील उपचारांसाठी शाहू महाराजांनी त्यांना मिरजेला पाठविले आणि १९०५ साली मिरजेतच ते किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून उभे राहिले. आम्हां मिरजकरांना याचा अभिमान थोडा अधिकच आहे, तो वाचकांनी क्षम्य मानावा. १९११ च्या मार्च महिन्यात ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही. १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ साली ‘स्वयंवर’, १९१९ साली बडोद्यास ‘एकच प्याला’, १९२० साली ‘द्रौपदी’. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी, आणि या सर्वांच्या मध्ये तो एक आवाज. ‘वन्समोअर’ इतके पडत की, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेच्या सुमारास संपे. बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसत, त्यांच्यासारखी फुले माळीत. पुरुष ‘गंधर्व टोपी’ घालीत.

परंतु या वैभवाच्या पोटातच पुढचे सारे दडलेले होते. मी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात तीसेक वर्षे काढली आहेत. त्यामुळे या मंडळींचा जमाखर्च वाचताना माझ्या हातातली लाल पेन्सिल आपोआप उचलली जाते, हा व्यवसायाचा दोष आहे. खरे भरजरी शालू, अस्सल दागिने, प्रेक्षागृहात अत्तराचे शिंपण, कंपनीच्या बिऱ्हाडी येईल त्याला पंक्तीचे जेवण! ‘द्रौपदी’तील मयसभेच्या देखाव्यावर तर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. १९२१ साली हिशेब पाहिला गेला तेव्हा कर्ज लाखाच्या वर गेलेले आढळले. टेंबे केव्हाच वेगळे झाले होते, बोडसही गेले होते. चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडण्याची तयारी दाखविली. नारायणरावांनी ती नाकारली. ‘अन्नदात्या मायबाप’ प्रेक्षकांपुढे गाऊनच मी हे फेडीन, अशी त्यांची भूमिका होती. एखाद्या लेखापरीक्षकाने हिला मूर्खपणा म्हणावे आणि मग घरी जाऊन रात्रभर तिचाच विचार करावा, अशी ही भूमिका आहे.

पुढे काळच बदलला. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट झळकला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. जेथे नाटकाचा पडदा वर जाई, तेथे पांढरा पडदा लागला. १९३३ च्या जुलैत मुंबईस नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हिराबाई बडोदेकर त्याआधीच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. पुरुषाने स्त्री व्हावे आणि सभागृहाने ते विसरून जावे हा जो करार मराठी प्रेक्षकाने अर्धशतक मनोभावे पाळला होता, तो आता मोडीत निघू लागला. ‘कान्होपात्रा’ १९३१ साली चांगले चालले, १९३३ साली ‘अमृतसिद्धी’ आले. परंतु ओहोटी थांबली नाही. १९३५ च्या सुमारास मंडळीचा गाशा गुंडाळून नारायणराव प्रभातकडे गेले.

तेथे व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते. त्यातून गांधीजींचे स्मरण होते म्हणून सरकारी नियंत्रकांनी आक्षेप घेतला आणि ते ‘धर्मात्मा’ झाले. मास्तर कृष्णरावांचे संगीत, अस्पृश्यांच्या घरी जेवणाऱ्या नाथांची कथा, प्रभातची शिस्त. कशाचीच उणीव नव्हती. असे सहा चित्रपट व्हायचे ठरले होते. परंतु एकावरच सारे आटोपले. ज्यांनी आयुष्यभर ‘वन्समोअर’च्या आरोळीवर श्वास घेतला, त्यांना एका काचेच्या डोळ्यासमोर गाणे मानवले नाही. १९३७ साली बाबूराव पेंटरांनी ‘अमृतसिद्धी’ नाटक ‘साध्वी मीराबाई’ म्हणून चित्रित केले, तोही प्रयोग लागला नाही. आणि नारायणराव नाटकाकडे परतले.

हेच ते पुनरागमन. पन्नाशीला आलेला, देह स्थूल झालेला, कर्जाने पिचलेला नट पुन्हा त्याच नावाच्या मंडळीचा पडदा उघडतो. मागे वळून पाहावे तर भास्करबुवा १९२२ सालीच गेलेले, देवल आणि गडकरी त्याहून आधी. मास्तर कृष्णराव प्रभातमध्येच रमले होते. आणि १९३८ साली या मंडळीत एक नवी व्यक्ती येते, जिच्यावाचून या प्रकरणाची चर्चा आजही पुरी होत नाही : गोहरबाई कर्नाटकी.

गोहरबाई बिळगीच्या. तेव्हाचा विजापूर जिल्हा, आताचा बागलकोट; त्या वेळी मुंबई इलाख्यातच असलेला मुलूख. घरची भाषा मराठी नव्हे, धर्म मुसलमान, घराण्यात गाणे. त्यांची बहीण अमीरबाई कर्नाटकी पुढे हिंदी चित्रपटांची पार्श्वगायिका म्हणून देशभर गाजली. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गाणी ध्वनिमुद्रिकांवरून आत्मसात केली होती. स्वतःच्या तबकड्यांतूनही त्या त्याच ढंगाने गात. ती तान, तो हेलकावा, शब्दावर रेंगाळण्याची ती लकब इतकी हुबेहूब उचलली होती की, ऐकणाऱ्याने चकावे. ज्या नटाच्या आवाजावर त्यांनी आपला गळा घडविला, त्याच्याच मंडळीत त्या स्त्री-भूमिका करू लागल्या. नारायणराव पुरुषवेषात नायक म्हणून त्यांच्यासमोर उभे राहिले.

येथे रसिकांचे दोन तट पडले. दोन म्हणणेही पुरेसे नाही, कारण प्रत्येक तटात पुन्हा पोटभेद होते.

एका पक्षाला पुरुषवेषातले बालगंधर्व सोसवेनात. ज्याला भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून पाहिले, त्याला धोतरात काय पाहायचे? लोकांनी ते मान्य केले नाही आणि काही काळाने नारायणरावांना पुन्हा लुगडे नेसावे लागले. तेव्हा दुसरा पक्ष हळहळला : या वयात, या देहाने, हे काय चालविले आहे? म्हणजे बदलले तरी दोष आणि न बदलले तरी दोष. माझ्या भाच्याच्या मित्राचे त्या गायकाविषयीचे दोन आरोपही नेमके असेच होते. आल्बममध्ये त्याने नवे वाद्यतंत्र घेतले म्हणून राग, आणि मंचावर तो वीस वर्षांपूर्वीचीच गाणी गातो म्हणूनही राग. असो.

तिसरा पक्ष मला सर्वांत जवळचा वाटतो. ही मंडळी नाटकाला जात आणि म्हणे डोळे मिटून बसत. त्यांना देखावा नको होता, वेष नको होता. कुठल्या तरी एका पदाच्या एका ओळीवर जुना आवाज क्षणभर लागे, तेवढ्यासाठी ते तिकीट काढीत. पु. ल. देशपांड्यांसारख्या माणसाने बालगंधर्वांवर जे अखंड प्रेम केले, ते मला याच जातीचे वाटते. याउलट गणपतराव बोडसांसारख्या जुन्या सोबत्याने आपल्या ‘माझी भूमिका’ या १९४० सालच्या आत्मचरित्रात मंडळीच्या कारभाराविषयी जे कडवट लिहिले, तेही खोटे म्हणता येत नाही. हिशेबाच्या बाजूने पाहणाऱ्याला बोडस पटतात आणि गाण्याच्या बाजूने पाहणाऱ्याला ते पटवून घ्यायचेच नसतात.

आमच्या घरी आजोबा हे या तिसऱ्या पक्षाचे. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात मंडळीचा मुक्काम पडला की, ते कचेरीतून परस्पर तिकडे जात. त्यांचे धाकटे बंधू, ज्यांना आम्ही दादाआजोबा म्हणत असू, त्यांनी १९३८ नंतर एकही प्रयोग पाहिला नाही. ‘मी स्वयंवर पाहिले आहे. ते डोळ्यांत आहे, त्यावर मला दुसरे काही सांडू द्यायचे नाही’, असे ते म्हणत. आजोबा म्हणत, ‘आजारी माणसाला भेटायला जायचे नाही, कारण तो पूर्वी धट्टाकट्टा होता, हा कुठला न्याय?’ यावर दादाआजोबा एकदम गोहरबाईंकडे वळत आणि वाद तेथून पुढे बिघडत जाई.

कारण या सर्व पक्षांत एक गोष्ट समान होती. आवाज बसला? गोहरबाईमुळे. कर्ज वाढले? गोहरबाईमुळे. जुनी माणसे गेली? तिच्यामुळेच. नारायणराव घरादाराला अंतरले? हेही तिचेच करणे. जे नारायणरावांवर निस्सीम प्रेम करीत, त्यांना त्यांच्या घसरणीचा दोष नारायणरावांच्या माथी मारणे जमत नव्हते, तेव्हा तो ठेवायला एक परकी बाई सोयीची होती. लहानपणी मीही हेच खरे मानीत असे. घरातले वडीलधारे सारेच तसे म्हणत असत.

पुढे नोकरीत बदल्या होत होत मी कर्नाटकात आलो. येथे पंधरा-सोळा वर्षे काढली. भाजीवाल्याशी, सहकाऱ्यांशी, घरमालकाशी मोडकीतोडकी कानडी बोलायला शिकलो. माझ्या उच्चारांना लोक हसले आणि हसूनही त्यांनी मला सामावून घेतले. या काळात केव्हातरी मला गोहरबाईंचा हिशेब नव्याने मांडावासा वाटला. तारखा तर कोणालाही तपासता येतात. कर्ज १९२१ सालचे, भास्करबुवांचा मृत्यू १९२२ चा, बोलपट १९३१ चा, ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ ची, मंडळीचा गाशा गुंडाळला तो १९३५ च्या सुमारास. गोहरबाई आल्या त्या १९३८ साली. ज्या जहाजाला सतरा वर्षे आधी भोक पडले होते, ते बुडविल्याचा आरोप शेवटच्या बंदरावर चढलेल्या उतारूवर आपण केला. माझ्या खात्यात असा शेरा कोणी मारला असता तर वरिष्ठांनी कागद परत पाठविला असता.

आणि दुसऱ्या बाजूची नोंद? परक्या भाषेतली नाट्यपदे शब्दशः शिकून, ज्या प्रेक्षकाचे प्रेम आपल्याला मिळणार नाही हे उघड दिसत होते त्याच्यासमोर रोज उभे राहणे, ही गोष्ट सोपी नव्हे. बरोबरीला उभा होता तो स्वतः बालगंधर्व. तुलना चुकवायला जागाच नव्हती. त्यांच्या मराठी उच्चारांची टिंगल झाली. तरीही त्या टिकून राहिल्या. पुढे दोघांनी विवाह केला. नारायणरावांचे पाय अधू झाले, चालणे बंद झाले, तेव्हा ज्यांच्या टाळ्यांनी थिएटरे दणाणत ते चाहते आपापल्या घरी होते. शुश्रूषेला होत्या त्या गोहरबाई. १९६४ साली त्या गेल्या. त्याच वर्षी सरकारने नारायणरावांना पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी तेही गेले.

गोहरबाईंनी काहीच चुकीचे केले नाही, असे मी म्हणत नाही. जुन्या माणसांशी त्यांचे जमले नाही आणि मंडळीच्या कारभारावर त्यांचा दाब होता, असे त्या काळच्या बऱ्याच जणांनी लिहिले आहे. ते सर्वच्या सर्व आकसाने लिहिले असेल असे नाही. परंतु त्या नसत्या तर पूर्वीचे दिवस परत आले असते, हे मला मुळीच पटत नाही. माझा स्वतःचा ग्रह असा झाला आहे की, नारायणरावांना रंगमंच सोडताच आला नसता. त्यांनी दुसरे काही शिकलेच नव्हते. शिवाय ‘मायबापां’चे देणे फिटले असे त्यांना कधी वाटलेच नाही. गोहरबाई आल्या म्हणून त्यांना बरोबर गाणारे कोणी तरी मिळाले, एवढेच.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द त्यांच्याच हातून बसविली गेली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, वास्तू उभी राहिली तेव्हा ते हयात नव्हते. २०११ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. सुबोध भावे यांनी भूमिका केली, आनंद भाटे यांनी पदे गायिली आणि त्या गायनास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तो चित्रपट आम्ही येथे पाहिला. घरी परतताना गाडीत गोहरबाईंवरूनच बोलणे निघाले आणि एका ज्येष्ठ बाईंनी, ‘तिनेच वाटोळे केले हो’ असे सुस्कारा टाकून म्हटले. पाऊण शतक उलटले होते. मी गप्प बसलो, कारण त्या माझ्या सासूबाई होत्या.

भाच्याच्या वादाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. दोघेही त्या कार्यक्रमास गेले. ज्याचा विरोध होता तोही. परत आल्यावर दोघांचीही मते जशीच्या तशी होती. मात्र गायकाचा आवाज दोन ठिकाणी चांगला लागला, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता झाली होती. पुढे जुने गिटारवादक त्या संचात परत आले आणि २०२५ च्या मे महिन्यात ती मंडळी मुंबईस आली, तेव्हा भाच्याने खास रजा काढून तिकीट घेतले. आता त्याचा मित्र म्हणतो की, पैशासाठी एकत्र आले आहेत.

दादाआजोबा १९८५ साली वारले. आजोबा त्यांच्याआधी चार वर्षे गेले होते. आजोबा गेल्यावर वाद घालायला कोणी उरले नाही, तेव्हा दादाआजोबा सोप्यावर बराच वेळ नुसते बसून असत. शेवटच्या उन्हाळ्यात मी सुटीसाठी गेलो होतो. मी त्यांना विचारले की, उत्तरकाळातले बालगंधर्व पाहायला गेला नाहीत याची कधी चुटपुट लागते का? ते ताडकन् म्हणाले, ‘मुळीच नाही. बरे झाले गेलो नाही.’ मग त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला, चुना लावला, कात घातला आणि पान तसेच हातात धरून थांबले.

‘अरे,’ ते म्हणाले, ‘सांगलीला त्या वेळी एकच प्याला लागले होते, तेव्हा अण्णा गेला होता. सिंधूचे ते शेवटचे पद कसे म्हटले म्हणत होता तो? तुला कधी बोलला का?’

आजोबा मला त्या प्रयोगाविषयी काहीच बोलले नव्हते. मी तसे सांगितले. ते बरे म्हणाले आणि पान तोंडात घातले.